हात उगारत नाहीत, शिव्या देत नाहीत, मग याला म्हणायचं काय?

शेवंती
लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

माझी मावसबहीण, वय ३३. एमसीए झालेली, लग्नाआधी हिंजवडीत चांगली नोकरी. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन सांगलीकडच्या एका गावी गेली. नवऱ्याचा खतं-बियाण्यांचा धंदा, घर मोठं, दारात गाडी. नोकरी 'बाळ थोडं मोठं होईपर्यंत' सोडली. बाळ आता चार वर्षांचं आहे.

मागच्या आठवड्यात एका बारशाला भेटली. बोलता बोलता जे निघालं ते सांगते. स्कूटी आहे, पण शाळा किती किलोमीटरवर ते नवऱ्याला पाठ आहे आणि रात्री तो मीटर बघतो. भाजीचा हिशोब वहीत लिहायचा. दहा रुपये जुळले नाहीत तर तो ओरडत नाही, वही तिच्यासमोर उघडी ठेवून बसून राहतो, तिला आठवेपर्यंत. फोन आला की स्पीकरवर. माझ्याशी बोलताना मधूनच सासूबाईंचं 'हो का!' ऐकू येतं. माहेरी तोच सोडतो, तोच नेतो, संध्याकाळच्या आत. मुलाला मागे ठेवून यायचं, कारण 'शाळा बुडते'. बालवाडीची!

मी म्हटलं, अगं हे काय? तर म्हणाली, "ताई, ते कधी अंगाला बोट नाही लावत गं. काळजी फार करतात." मावशीचं म्हणणं, जावई निर्व्यसनी आहे, अजून काय पाहिजे?

मला उगीच वाटतंय का? आणि उगीच नसेल तर मी पुण्यात बसून काय करू शकते?

तिखटमीठ
बँकेचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, ते विचारा तिला.

घाटावरचा
रोष पत्करून लिहितो. हिशोब ठेवणं हा गुन्हा कधीपासून झाला? आमच्याकडे माझा पूर्ण पगार आईच्या हातात जातो. चाळिशीचा आहे, तरी पेट्रोलला पैसे मागून घेतो. वडिलांनीही तेच केलं. स्पीकर म्हणाल तर गावाकडे सगळे स्पीकरवरच बोलतात, अर्ध्या गल्लीला कळतं कुणाच्या म्हशीला काय झालं. प्रत्येक गोष्टीला छळ म्हणायला लागलो तर खऱ्या छळाला शब्द उरणार नाही.

गोडबोल्या
घाटावरचे, तुमच्या घरात पीडित कोण हे लगेच कळलं. रिमोट तरी हातात देतात का? :)

तिखटमीठ
घाटावरचे, प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते. तुम्ही उद्या आईला म्हणालात, "या महिन्यात पाच हजार माझ्याकडेच ठेवतो, कशाला ते विचारू नकोस," तर काय होईल? ती कुरकुर करेल, एक वेळ भाजीत मीठ जास्त पडेल. झालं. तुमच्या पोटात गोळा येणार नाही.

या बाईने नुसतं 'आज वही लिहिली नाही' म्हटलं तर काय होईल, याची तिला स्वतःला कल्पना आहे. म्हणूनच ती वही चुकत नाही. हिशोब दोन्ही घरांत आहे. फरक 'नाही' म्हणण्याची किंमत काय, यात आहे. ही किंमत मार असलीच पाहिजे असं नाही. आमच्या शेजारी आठ-आठ दिवसांचा अबोला असायचा. जेवणाचं ताट वाढलेलं तसंच झाकून राहायचं आणि मुलांना शिकवलेलं असायचं, 'आईशी बोलायचं नाही'. त्या काकू घरात रेडिओ मोठ्याने लावत, का ते मला लग्नानंतर कळलं.

ओटीपीचं मुद्दाम विचारलं. आधार आणि बँक खातं दोन्हीला नवऱ्याचाच नंबर जोडलेला असेल, तर बाई एमसीए असो की पीएचडी, तिला स्वतःच्या नावावर काहीही करता येत नाही. आणि हे कुलूप बाहेरून दिसत नाही.

शेवंती
विचारलं. दोन्ही त्याच्याच नंबरवर. लग्नानंतर नाव बदलताना 'सोपं पडतं म्हणून' केलं होतं. तिला त्यात काही विशेष वाटलेलं नाही.

लेस्टरकर
इथे इंग्लंडमध्ये याच वागणुकीसाठी वेगळा कायदा आहे. २०१५ च्या 'सीरियस क्राइम अॅक्ट'चं कलम ७६, डिसेंबर २०१५ पासून लागू. मारहाण झाली नसली तरी माणसाला सतत धाकात ठेवणं, पैसे, फोन, येणंजाणं ताब्यात ठेवणं हा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. एकच घटना पुरत नाही, वारंवार घडलेलं आणि त्याचा तिच्या रोजच्या जगण्यावर झालेला परिणाम दाखवावा लागतो. आधी नातं चालू असलेलं जोडपं किंवा एकत्र राहणारं कुटुंब असेल तरच लागू व्हायचा, एप्रिल २०२३ पासून वेगळे झालेले नवरा-बायको आणि वेगळे राहणारे नातेवाईकही त्यात आले.

आमच्या ओळखीतली एक मुलगी डिपेंडंट व्हिसावर आली होती. पासपोर्ट नवऱ्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. गणपतीला मंडळात यायची तेव्हा आरती संपायच्या आत तिच्या फोनवर तीन कॉल. आम्ही सगळ्या हसायचो, 'काय गं, करमत नाही वाटतं त्यांना!' ते हसणं आठवलं की अजून लाज वाटते. शेवटी दवाखान्यातल्या नर्सने नवऱ्याला बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं, तेव्हा वाट निघाली. आम्ही दोन वर्षांत एकदाही तिला एकटीला विचारलं नव्हतं.

बोरूबहाद्दर
अवांतर: याला मराठीत शब्द काय? इंग्रजी 'कोअर्सिव्ह कंट्रोल'चं भाषांतर करून 'जबरदस्तीचे नियंत्रण' म्हटलं की सरकारी परिपत्रक वाटतं.

पाटावरवंटा
धाक. वचक. जाच. मुठीत ठेवणं. शब्दांची काय कमी आहे?

बोरूबहाद्दर
धाक चालेल, पण आपल्याकडे 'घरात वडिलांचा धाक होता' हे कौतुकाने सांगतात. तिथेच घोडं पेंड खातं.

पाटावरवंटा
मग 'दावं' घ्या. दाव्याला बांधलेली गाय चरते, रवंथ करते, लांबून सुखात दिसते. दावं किती लांब आहे हे तिलाच माहीत असतं, कारण एकदा हिसका बसला की ती त्याच्या आतच फिरते.

बोरूबहाद्दर
हे घेतलं. तुमचा आयडी बदला आता, वरवंटा शोभत नाही.

काळाकोट
भारतात या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. पण म्हणून हात बांधलेले आहेत असंही नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा (लागू २६ ऑक्टोबर २००६) वाचा. कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही स्पष्ट लिहिलाय. घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन बळकावणं, तिचा हक्क असलेल्या पैशांपर्यंत तिला पोचू न देणं, हे सगळं त्यात येतं.

लोकांना वाटतं या कायद्याखाली गेलं की घटस्फोट. चूक. लग्न टिकवूनही दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश, खर्चाचा आदेश मागता येतो. कलम १७ प्रमाणे सामाईक घरात राहायचा हक्क आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तेवढ्यावरून तो नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो.

नवरा-सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचं जुनं फौजदारी कलम ४९८ अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५-८६ कलमात आहे, पण तिथली क्रूरतेची व्याख्या खूप वरच्या पायरीची आहे. नुसती वही आणि मीटर घेऊन त्या दारात गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतात ते मी इथे लिहिलं तर माझ्याच धंद्यावर परिणाम होईल.

माळरान
आणि याच कायद्याने किती निरपराध सासू-सासरे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात तेही लिहा की. बहिणीची एकच बाजू ऐकून जावयाला गुन्हेगार ठरवलं सगळ्यांनी.

काळाकोट
माळरान, खोट्या केसेस मीही बघितल्यात, लढल्याही आहेत. पण इथे कुणी केस टाका म्हणत नाहीये. जिने तक्रारच केलेली नाही, उलट नवऱ्याची बाजू घेतेय, तिच्या गैरवापराची चिंता आत्ताच कशाला?

संपादक मंडळ
यापुढचे चार प्रतिसाद वैयक्तिक शेरेबाजीमुळे काढले आहेत. विषयावर बोला.

झेडपीची_बाई
सासर कशाला लागतं? मी २९ वर्षांची, लग्न व्हायचंय, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. विदर्भात. पगाराच्या खात्याचं कार्ड वडिलांकडे. फोनचं लोकेशन कायम चालू, बंद झालं की शाळेत मुख्याध्यापकांना फोन. 'मुलीची जात, जग वाईट आहे.' जग वाईट आहेच, पण मला दीडशे रुपयांची चप्पल घ्यायची तरी सांगावं लागायचं.

मी काय केलं ते सांगते. शिक्षकांच्या पतसंस्थेत पगारातून दरमहा तीन हजार ठेव म्हणून कापायला लावले. पगार कमी का आला विचारल्यावर म्हटलं, संस्थेची वर्गणी वाढली. खोटं बोलले, हो. आता चौथं वर्ष. त्या पैशाचं मी काहीही केलेलं नाही. पण वडील ओरडायला लागले की डोक्यात त्या पासबुकाचा नंबर येतो आणि मी शांत उभी राहते.

तिखटमीठ
बाई, _/\_

आमटीभात
हिच्यावरून आठवलं. माझी आई तूरडाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत नोटा ठेवायची. बाबांना कळलं असतं तर काय झालं असतं हे मला विचारू नका. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री टीव्हीवर बातमी आली आणि आई स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईना. पाचशे-हजारच्या मिळून अकरा हजार होते. बारा वर्षांचे. बदलायला रांगेत उभं राहायचं तर ओळखपत्र, आणि ते बाबांच्या कपाटात. सगळा देश काळा पैसा शोधत होता, आमच्याकडे तो डाळीचा वास येणारा निघाला.

माझ्या मामीने बचत गटाच्या नावाने बदलून दिले. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. आता आईचं पोस्टात खातं आहे, पासबुक मात्र अजून डाळीतच.

गोडबोल्या
मी या धाग्यावर विनोद करायचे थांबवतोय.

पस्तीशीतला
पुरुषाने लिहिलं तर चालेल का? माझा फोन रोज रात्री तपासला जातो. मित्र एकेक करून तोडले, कारण प्रत्येकाच्या बायकोत काहीतरी खोट निघाली. आईला फोन गाडीत बसून करतो आणि नंतर यादीतून पुसतो. परवा ऑफिसच्या पार्टीचा फोटो कुणीतरी टाकला, तर ती रात्रभर दार लावून बसली, 'जिवाचं काही करून घेईन' म्हणत. घरात तीन वर्षांची मुलगी. आपण बायकोला घाबरतो हे कुणाला सांगणार, लोक हसतात.

घाटावरचा
कोणी हसत नाहीये मित्रा.

काळाकोट
पस्तीशीतला, स्पष्ट सांगतो, २००५ चा कायदा फक्त स्त्रियांना दाद देतो, तुम्हाला तो मार्ग नाही. हिंदू विवाह कायद्यात मानसिक क्रूरता हे कारण दोघांनाही आहे, पण ती पुढची गोष्ट. आज दोन कामं करा. कॉल पुसता तसे मेसेज पुसू नका, ते स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. आणि जिवाच्या धमकीला एकट्याने तोंड देऊ नका. तिच्या माहेरच्या एका समंजस माणसाला आणि डॉक्टरांना हे माहीत असू द्या. धमकी खरी असेल तर तिला मदत हवी आहे, आणि नुसतंच हत्यार असेल तर ते दोघांत राहिलं की चालतं, तिसऱ्याला कळलं की बोथट होतं.

समईची_वात
पोलीस ठाण्यातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात मी काही वर्षं समुपदेशक होते. (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हे काम सुरू केलं, आता राज्यात बऱ्याच ठिकाणी असे कक्ष आहेत.) शेवंती, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहिते.

आधी काय करू नका. नवऱ्याला जाब विचारू नका. चार वडीलधारी जमवून बैठक तर अजिबात नको. त्या बैठकीत ती त्याच्याकडे बघेल आणि म्हणेल, 'मला काही त्रास नाही.' मग वडीलधारी चहा पिऊन जातील आणि पुढचे सहा महिने तुमचा फोन तिला लागणार नाही. असं मी इतक्या वेळा बघितलंय की बैठकीला मी स्वतः विरोध करायचे.

'सोडून ये' हेही म्हणू नका. तो तिला सांगतो काय करायचं, तुम्हीही तिला सांगता काय करायचं. तिला दोन्ही आवाज सारखेच वाटतात. सोडायची वेळ हीच सगळ्यात धोक्याची असते, कधीही बोट न लावणारा माणूसही त्या वेळी काय करेल याचा भरवसा नसतो. ती वेळ तिनेच ठरवायची, तयारीनिशी.

'तुझा नवरा कसा आहे' असं विचारलं की ती त्याची वकील होते. त्यापेक्षा घडलेल्याबद्दल विचारा. 'वही जुळली नाही त्या रात्री तू झोपलीस किती वाजता?' 'शेवटचं एकटी बाजारात कधी गेलीस?' उत्तर देता देता तिचं तिलाच ऐकू येतं. माझ्याकडे एक बाई तासभर नवऱ्याचं कौतुक करत होती. मी विचारलं, तुम्हाला आवडणारी भाजी कोणती? तिला आठवेना. तिथे ती रडली, त्याआधी नाही.

संपर्क तुटू देऊ नका, तेवढंच आत्ता तुमचं काम. स्पीकरवर ऐकणाऱ्यांनाही बरं वाटेल असं बोला, पाककृती, मुलाचे दात, हवा. मेसेजवर यातलं एक अक्षर नको. तिचं व्हॉट्सअॅप दुसऱ्या कुठल्या यंत्राला जोडलेलं आहे का ते समोरासमोर भेटाल तेव्हा 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये बघा, पण सापडलं तर लगेच तोडू नका, त्याला कळतं. एखादा साधा शब्द ठरवा. एकीने 'लोणच्याला मीठ कमी पडलंय' ठरवलं होतं, म्हणजे फोन कर आणि काहीतरी निमित्त काढून मला बोलावून घे. तिच्या डोळ्यांसमोर धोका उभा राहिला तर ११२. नुसतं बोलायचं असेल तर महिला हेल्पलाइन १८१, पण तिने स्वतःच्या फोनवरून नको, कॉल यादीत दिसतो.

आधारचा नंबर बदलायला कागद लागत नाही, जुना नंबरही लागत नाही. ती स्वतः केंद्रावर गेली, बोटांचे ठसे दिले की झालं. पण कधी करायचं हे फार विचार करून. आधार बदलला म्हणजे बँकेतला नंबर बदलला असं नाही, तिथे वेगळा अर्ज, आणि त्याचा संदेश जुन्या नंबरावरही जाऊ शकतो, म्हणजे नवऱ्याला. त्यापेक्षा आधी जुन्या खात्याला हात न लावता दुसऱ्या बँकेत नवं खातं.

लेस्टरकर
वाचनखूण साठवली. तो भाजीचा प्रश्न डोक्यातून जात नाही.

नाना_७४
हा धागा वाचनालयातल्या संगणकावरून तीन दिवस वाचतो आहे. तुम्ही सगळे मुली-सुनांविषयी बोलता, ते योग्यच. माझे वय ७४, निवृत्त, पेन्शन आहे. सौ. गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला ऑनलाइन जमत नाही, मी बघतो." पासबुक, कार्ड, फोनचे कुलूप, सर्व त्याच्याकडे. मित्र येत, त्यांना दारातूनच सांगितले जाई, बाबा झोपलेत. मी झोपलेला नसे. आता कोणी येत नाही. मागच्या वर्षी घराचे बक्षीसपत्र त्याच्या नावे करून दिले. मला कोणी मारत नाही, दोन वेळचे जेवण मिळते. श्रीमती तिखटमीठ यांनी किमतीविषयी लिहिले ते वाचून मी घरी गेलो आणि पासबुक मागितले. त्या रात्रीपासून नातू माझ्या खोलीत येत नाही.

तिखटमीठ
नाना, मला 'श्रीमती' नको, मुलीसारखी आहे तुमच्या. काळाकोट, इथे या हो.

काळाकोट
नाना, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा तुमच्यासाठीच आहे. अर्ज प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात. साध्या कागदावर स्वतः लिहिलात तरी चालतो. बक्षीसपत्राची प्रत मिळवा, दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते. त्यात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असं कुठे लिहिलंय का ते बघा. असेल तर कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. नसेल तर कठीण, पण कागद बघितल्याशिवाय हातपाय गाळू नका. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

त्याआधी बँकेत स्वतः जाऊन शाखाधिकाऱ्यांना भेटा. पेन्शन खातं तुमच्या नावावर आहे, ओळखपत्र दाखवून नवं पासबुक आणि नवं कार्ड मागायचा तुम्हाला हक्क आहे.

घाटावरचा
नाना कुठल्या गावचे आहात? पत्ता इथे लिहू नका, मला व्यनि (खाजगी निरोप) करा. जवळपास असाल तर बँकेत मी येतो बरोबर.

शेवंती
तीन आठवड्यांनी लिहितेय. मावशीला चैत्रगौरीचं हळदीकुंकू घालायला लावलं, जावयाला 'फक्त बायका आहेत' सांगून दारातून परत पाठवलं. दोन तास मिळाले. मी समईची_वात यांचं ऐकलं, नवऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. पन्हं गाळताना इतकंच विचारलं, वही जुळली नाही त्या रात्री झोपलीस कधी. ती म्हणाली, "जुळतेच गं. न जुळून कसं चालेल." मग गाळणं हातातच धरून गप्प राहिली बराच वेळ.

नवीन खात्याचा विषय काढला तर घाबरली, नको म्हणाली. मी सोडून दिला. नवऱ्याबद्दलचं तिचं मत बदललंय असं मला वाटत नाही. मावशीचंही नाही. निघताना पिशवीतून, डाळ्याच्या पुडीखालून, एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. दहावी-बारावीच्या मार्कशीट, एमसीएचं सर्टिफिकेट आणि हिंजवडीच्या कंपनीचं अनुभवपत्र. म्हणाली, "घरी वाळवी लागते गं, तुझ्याकडे ठेवशील?"

त्यांचं घर नवं आहे. वाळवीबिळवी काही नाही.

समईची_वात
ठेवा. आणि परत कधी विषय काढू नका, तीच काढेल.

नाना_७४
श्री. घाटावरचे यांच्यासोबत बँकेत जाऊन आलो. पासबुक मिळाले. काळाकोट, प्रांत कार्यालय शनिवारी चालू असते का?

काळाकोट
नाही नाना, शनिवारी बंद. सोमवारी अकराच्या सुमारास जा, अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय निघू नका.

घाटावरचा
सोमवारी सुट्टी टाकतो. पेट्रोलला आईकडून पैसे घ्यावे लागतील तेवढे.